उरलेला भिडू



या गावच्या शाळेत मी पहिली ते चौथी शिकले ती मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, हाताखाली. पुढे बत्तीस वर्षं मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. बहुतेक काळ कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात, आणि बहुतेक वेळा दोनशिक्षकी शाळेत. या व्याख्यानासाठी संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हणाले, ‘चांगला मित्र कोण, हे लहान मुलांना कसं शिकवायचं, यावर बोलते.’ पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही. शिक्षणावरचं व्याख्यान म्हटलं की पटसंख्या, गुणवत्ता, इंग्रजी माध्यम असं काहीतरी अपेक्षित असतं, हे मला ठाऊक आहे. पण दप्तर पाठीला लावून शाळेच्या फाटकातून आत येणाऱ्या सात वर्षांच्या मुलाच्या मनात पाढे नसतात. आज मला खेळायला घेतील का, हा प्रश्न असतो. त्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर त्या दिवशी फळ्यावर काय लिहिलं होतं ते त्याच्या लक्षात राहत नाही. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की याहून महत्त्वाचा विषय मला सुचला नाही.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

तिसरीचा वर्ग, पटावर अठ्ठावीस मुलं. मैत्रीवर काहीतरी घ्यावं म्हणून मी कार्डशीटवर एक झाड काढलं. प्रत्येकाला हिरव्या घोटीव कागदाचं एक पान दिलं आणि सांगितलं, ‘चांगला मित्र कसा असतो ते यावर लिहा.’ आधी फळ्यावर थोडी चर्चा झाली होती. मदत करतो, खरं बोलतो, भांडत नाही, वस्तू वाटून घेतो. मुलांनी तेच सुवाच्य अक्षरात पानांवर उतरवलं. झाड भिंतीवर लागलं. केंद्रप्रमुखांनी त्याचा फोटो काढून नेला.

त्याच आठवड्यात वर्गात एक नवी मुलगी आली होती. दिवाळीनंतर आमच्या भागात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. गावाबाहेर माळावर कोप्या उभ्या राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवराबायको पहाटे कोयता घेऊन फडात जातात, आणि मुलं धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन कोपी राखतात. त्यातली काही मुलं शाळेत येतात. ही तशीच आली. पहिल्या दिवशी मी तिला खिडकीपाशी बस म्हणाले, तर तिने विचारलं, ‘कामून?’ अख्खा वर्ग हसला. आमच्याकडे ‘का’ म्हणतात. त्यानंतर तिने दोन दिवस काही विचारलं नाही.

मधल्या सुट्टीत मैदानावर लगोरी चालली होती. दोन कप्तान एकेकाचं नाव घेऊन गडी उचलत होते, टीव्हीवर क्रिकेटचे खेळाडू निवडतात तसे. ती शेवटी उरली. एक कप्तान म्हणाला, ‘हिला तू घे.’ दुसरा म्हणाला, ‘आम्हाला नको, तूच घे.’ मग दोघंही म्हणाले, ‘ती काय, उसाबरोबर जाणारच आहे.’ ती मागे वळली आणि व्हरांड्यात, भिंतीवर लावलेल्या त्या झाडाच्या बरोबर खाली येऊन बसली. ‘चांगला मित्र वस्तू वाटून घेतो’ हे पान त्यातल्या एका कप्तानाचंच होतं.

मला त्या मुलांचा राग आला नाही. त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं. मी विचारलं ते त्यांनी सांगितलं होतं, आणि मैदानावर त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. चुकलं होतं ते माझं. मैत्रीची व्याख्या पाठ करून घेतली की मैत्री शिकवून झाली, असं मी धरून चालले होते.

त्या रात्री मला मोठ्या बाई आठवल्या. त्या मैत्रीवर कधी बोलल्याचं मला स्मरत नाही. पण खेळाच्या तासाला त्या पायरीवर उभ्या राहायच्या आणि भिडू पाडताना लक्ष ठेवायच्या. इथे बसलेल्या माझ्या वयाच्या लोकांना ती रीत आठवत असेल. कप्तानाने नाव घेऊन गडी उचलायचा नाही. बाकीच्यांनी आपापल्या तोडीचा जोडीदार शोधायचा, गळ्यात हात घालून लांब जायचं, कानात कुजबुजून दोन नावं ठरवायची आणि परत येऊन विचारायचं, ‘सूर्य पाहिजे की चंद्र?’ कप्तान म्हणणार, ‘चंद्र.’ मग ज्याचं नाव चंद्र तो त्याचा गडी, सूर्य दुसऱ्याचा. आम्ही चाफा-मोगरा ठेवायचो, चिंच-आवळा ठेवायचो. एकदा मी आणि माझ्या जोडीदारणीने ‘बाई की मोठ्या बाई’ असं ठेवलं होतं, आणि दोन्ही कप्तान घाबरून गप्प उभे राहिले होते.

ही रीत कुणी शोधली ते मला माहीत नाही. पण त्यात किती समज आहे, हे मला नोकरीची वीस वर्षं झाल्यावर कळलं. एक तर कुणालाच ‘तू शेवटचा’ असं ऐकावं लागत नाही, कारण कप्तान मुलाला निवडत नाही, नावाला निवडतो. दुसरं म्हणजे जोडी जमवताना प्रत्येकाला प्रामाणिकपणे बघावं लागतं, माझ्या बरोबरीचा कोण? सर्वांत जोरात पळणाऱ्याने सर्वांत हळू पळणाऱ्याशी जोडी केली तर डाव एकांगी होतो आणि पोरंच आरडाओरडा करतात. म्हणजे मोठ्याने लहान्यावर उपकार करायची सोय नाही. बरोबरीच शोधायची.

दुसऱ्या दिवशी मी पायरीवर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, ‘आजपासून नावं ठरवून यायचं.’ मुलांना रीत शिकवावी लागली. दहा मिनिटं गोंधळ झाला. त्या नव्या मुलीपाशी कुणी जाईना. मग मी चेंडू तिच्या हातात दिला आणि म्हणाले, ‘लांबच्या त्या खांबाला मार.’ ती फडाच्या कडेला पाखरं हाकणारी मुलगी. चेंडू खांबाच्या मधोमध लागला. आमच्या वर्गात नेमबाजीत एक मुलगी सगळ्यांच्या पुढे होती, हट्टी, जराशी भांडखोर, तिच्याशी जोडी करायला कुणी धजत नसे. ती पुढे आली, नवीच्या गळ्यात हात टाकला आणि दोघी चिंचेकडे निघून गेल्या. परत येऊन म्हणाल्या, ‘ऊस पाहिजे की कापूस?’

मला आज जे एकच सांगायचं आहे ते इथे आहे. ती हट्टी मुलगी दयेपोटी पुढे आली नव्हती. तिला तिच्या तोडीचं कुणीतरी पहिल्यांदा भेटलं होतं. आपण मुलांना मैत्रीच्या नावाखाली बहुतेक वेळा दया शिकवतो. ‘गरीब मित्राला पेन्सिल द्या’, ‘अशक्त मित्राला मदत करा’. पेन्सिल देणारं मूल चांगलंच असतं, पण घेणाऱ्याने किती दिवस नुसतं घ्यायचं? मैत्री बरोबरीत होते. ‘मित्र व्हा’ असा हुकूम शिक्षकाला देता येत नाही. बरोबरीने भेटता येईल अशी जागा मात्र त्याला मांडता येते, आणि रोज मांडता येते.

आपल्या खेळांत आणखी एक सुंदर गोष्ट आहे, लिंबूटिंबू. धाकटं भावंड मागे लागलं की त्याला लिंबूटिंबू करून खेळात घ्यायचं. तो धावणार, ओरडणार, भोज्याला हात लावणार, पण त्याच्यावर राज्य येणार नाही आणि तो बादही होणार नाही. घरी भावंडं सांभाळणाऱ्या मुलांना खेळायला मिळावं म्हणूनच ही सोय निघाली असेल, असं मला वाटतं. दोनशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीची मुलं एकाच मैदानावर असतात. तिथे लिंबूटिंबू नसता तर निम्मी पहिली भिंतीला टेकून उभी राहिली असती.

पण या सोयीची दुसरी बाजू मला एका मुलाने दाखवली. त्याचा एक पाय लहानपणापासून अधू होता. मुलं त्याला प्रेमाने वागवायची, कायम लिंबूटिंबू करायची. चौथीत असताना एके दिवशी खेळ अर्ध्यावर टाकून तो माझ्याकडे आला. डोळे भरलेले होते. म्हणाला, ‘बाई, मला लिंबूटिंबू नको. मला बाद करायला सांगा.’ मी खाली बसले. मला वाटत होतं की या शाळेत त्याच्याइतकं लाडाचं मूल नाही. आणि तो बाद होण्याचा हक्क मागत होता.

मी मुलांना गोल बसवलं आणि त्याचं म्हणणं त्यालाच सांगू दिलं. मुलं बराच वेळ बोलली. शेवटी त्यांनीच ठरवलं, लगोऱ्या रचायला तो बसेल. त्याचा हात स्थिर होता, सात फरश्यांचे तुकडे तो डोळ्याची पापणी न लववता एकावर एक ठेवायचा. चेंडू लागला तर मात्र इतरांसारखा बाद. तिसऱ्याच डावात एकाने त्याच्या पाठीत चेंडू हाणला, चांगला जोरात. तो ‘आऊट! मी आऊट!’ असं ओरडत, हसत, लंगडत कडेला आला.

आता थोडं पुस्तकातलं सांगते, कारण मला जे मैदानावर दिसलं ते अभ्यासकांनीही वेगळ्या वाटेने पाहिलेलं आहे. स्वित्झर्लंडचे ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या नैतिक विचारावरचं आपलं पुस्तक १९३२ साली प्रसिद्ध केलं. त्यासाठी ते जिनीव्हा आणि नूशातेलच्या मुलांबरोबर चक्क गोट्या खेळत बसले आणि नियमांबद्दल विचारत राहिले. लहान मुलांना वाटायचं, नियम मोठ्यांनी केले, ते बदलता येत नाहीत. दहा-अकराची मुलं म्हणायची, सगळ्यांनी मिळून ठरवलं तर बदलता येतो. हा पल्ला मुलं मोठ्यांच्या उपदेशाने गाठत नाहीत, बरोबरीच्या मुलांशी भांडत, तडजोड करत गाठतात, असं पियाजे यांचं म्हणणं. लगोरीचा नियम बदलणारी माझी चौथी याहून वेगळं काय करत होती?

पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट सेलमन यांनी मुलांना मैत्रीतले पेच गोष्टीतून सांगितले. एका मुलीने जुन्या मैत्रिणीला भेटायचं कबूल केलंय, आणि नेमक्या त्याच वेळी नवी मुलगी तिला मजेच्या ठिकाणी बोलावते. तिने काय करावं? मुलं जे बोलली त्यावरून त्यांनी मैत्रीच्या समजेच्या पायऱ्या मांडल्या. अगदी लहान मुलासाठी मित्र म्हणजे आत्ता शेजारी खेळणारा. मग मला हवं ते करणारा. मग तू माझं केलंस तर मी तुझं करीन. विश्वास, मनातलं बोलणं, भांडणानंतरही टिकणं हे सावकाश येतं, काहींना दहाव्या वर्षी तर काहींना फार नंतर. म्हणून पहिलीतलं मूल सकाळी ‘तो माझा बेस्ट फ्रेंड’ आणि दुपारी ‘माझा कुणीच नाही’ म्हणतं, तेव्हा त्याला चंचल म्हणू नये. ते आपल्या पायरीवर खरंच बोलत असतं. पालकांना माझं एवढंच सांगणं आहे की त्या दुपारच्या वाक्यावरून दुसऱ्या मुलाच्या घरी भांडायला जाऊ नका.

आता एका अवघड जागी येते.

वर्गात कोण कुठे बसतं, यातून मुलं मैत्री शिकतात. मैत्री नाकारायलाही तिथेच शिकतात. साताऱ्याच्या शाळेत इसवी सन १९०० मध्ये एका मुलाचं नाव दाखल झालं. त्या दाखल्याच्या आठवणीत ७ नोव्हेंबर हा दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात आपल्या शाळेबद्दल लिहून ठेवलं आहे. बसायला घरून आणलेलं गोणपाट, तेही इतरांपासून वेगळं. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा, आणि शिपाई नसला तर पाणी नाही. आपण हे वाचतो तेव्हा त्या गोणपाटावर बसलेल्या मुलाचं दुःख आपल्याला दिसतं, ते दिसलंच पाहिजे. शिक्षक म्हणून मला आणखीही कुणीतरी दिसतं. त्या वर्गातली बाकीची मुलं. त्यांना कुणी धडा दिला नव्हता, फळ्यावर काही लिहिलं नव्हतं. पण कोण मित्र होऊ शकतो आणि कोण नाही, हे ती मुलं रोज सकाळी त्या गोणपाटाच्या अंतरावरून शिकत होती. त्यांना शिकवणारा गुरू म्हणजे ती बसण्याची व्यवस्था होती.

आज गोणपाट नाही. पण ‘हुशार मुलांची रांग’ आहे. ‘पुढे बसणारे’ आणि ‘मागचे’ आहेत. पोषण आहाराच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं, हे बघायला शिक्षकाने रोज मुलांबरोबर जेवायला हवं. मी जेवायचे. वीस वर्षांपूर्वी एका शाळेत दोन मुलं पंगतीच्या टोकाला दर वेळी एक हात अंतर सोडून बसायची. कुणी सांगितलेलं नव्हतं, ती घरूनच ते अंतर घेऊन आली होती. मी भाषण केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पंगत वाढदिवसाच्या महिन्यांनुसार बसायला लागली, पुढच्या महिन्यात गावच्या गल्ल्यांनुसार, मग ताटावरच्या नक्षीनुसार. दर महिन्याला पंगत मोडून नवी. वर्षाअखेरीला ते अंतर कुठे गेलं, ते मुलांनाही सांगता आलं नसतं. एका पालकाने येऊन नापसंती सांगितली. मी त्यांना जेवायला बसवलं, त्याच पंगतीत.

दिल्लीतल्या एका अभ्यासाचा इथे उल्लेख करते, कारण त्याने मला फार बळ दिलं. तिथल्या नामांकित खासगी शाळांना २००७ पासून गरीब घरच्या मुलांना प्रवेश द्यावा लागला. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात देशभर पंचवीस टक्के जागांची तरतूद झाली. श्रीमंत पालकांना भीती होती की आपली मुलं बिघडतील. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने ते तपासलं, त्यांचा निबंध २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी मुलांची रिले शर्यत ठेवली. जोडीदार निवडायचा, आणि त्याच्याबरोबर काही वेळही घालवायचा. कोण जोरात पळतो हे डोळ्यांसमोर होतं. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं शिकत होती, त्यांनी वेगवान पण गरीब मुलाला डावलण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी होतं, आणि ती मुलं अधिक उदारही निघाली. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी : काही शाळांत अभ्यासाचे गट मुलांच्या नावांच्या आद्याक्षरांनुसार पाडलेले होते. केवळ अक्षर जवळचं म्हणून गरीब मुलगा ज्यांच्या गटात आला, त्यांच्यातला बदल पाहून लेखकाने दाखवलं की नुसतं एका वर्गात असण्याने नव्हे, तर एकत्र काम करण्याने फरक पडतो. अक्षरांच्या क्रमाने हे झालं! मग जो शिक्षक विचार करून गट पाडतो, त्याच्या हातात केवढी शक्ती आहे?

टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये १९७१ साली गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदा एका वर्गात आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. तेव्हा एलियट अ‍ॅरनसन यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय पूर्ण धडा कुणालाच कळणार नाही. मीही तिसरीच्या परिसर अभ्यासाला हे करून पाहिलं. ‘नदी’ या विषयावर त्या ऊसतोडीच्या मुलीच्या वाट्याला आला दुष्काळ. टँकरच्या रांगेत घागर लावून रात्री कसं झोपतात, हे तिने सांगितलं. कृष्णेच्या काठी वाढलेल्या मुलांनी ते आ वासून ऐकलं. ‘कामून रात्री?’ असं एकाने विचारलं. त्याला स्वतःला कळलंही नाही की तो तिचा शब्द वापरतो आहे. फेब्रुवारीपर्यंत निम्मा वर्ग ‘कामून’ म्हणत होता.

गोष्टींबद्दल बोलायलाच हवं, कारण प्राथमिक शिक्षकाचा अर्धा संसार गोष्टींवर चालतो. अस्वल आणि दोन मित्र ही आपली ठरलेली गोष्ट. एक झाडावर चढतो, दुसरा मेल्याचं सोंग घेतो, आणि तात्पर्य ठरलेलं. एका वर्षी मी तात्पर्य न सांगता विचारलं, ‘मग?’ सगळे म्हणाले, झाडावरचा वाईट. एक मुलगा मात्र म्हणाला, ‘बाई, खालच्याला झाडावर चढता येत नव्हतं, तर वरच्याने जंगलात जायच्या आधीच त्याला शिकवायला पाहिजे होतं ना?’ पस्तीस मुलांच्या वर्गात असं उत्तर येतं तेव्हा तात्पर्याची घाई केली नाही याचं समाधान वाटतं.

माझी स्वतःची आवडती गोष्ट पंचतंत्रातली, मित्रसंप्राप्तीतली. जाळ्यात अडकलेली कबुतरं सगळी मिळून जाळ्यासकट उडतात, हे सर्वांना ठाऊक असतं. पुढचं सांगायला आपण विसरतो. त्यांचा राजा चित्रग्रीव आपला मित्र हिरण्यक उंदराकडे येतो. हिरण्यक आधी मित्राचेच पाश कुरतडायला लागतो, आणि चित्रग्रीव त्याला थांबवतो, आधी माझ्या सोबत्यांना सोडव. मैत्रीचा वशिला वापरायचा नाही, हे सात वर्षांच्या मुलांना यातून पटकन कळतं. रांगेत मित्राला मध्ये घुसवणाऱ्या मुलांना तर फारच लवकर.

त्याच्याही पुढे लघुपतनक कावळा हे सगळं बघून हिरण्यकाशी मैत्री करायला येतो. आणि हिरण्यक नकार देतो. तो बिळातूनच म्हणतो की तू खाणारा आणि मी तुझं खाणं, आपली मैत्री कशी होणार? कावळा परोपरीने विनवतो. मग बोलणं सुरू होतं, पण बिळाच्या तोंडाशीच, अंतर राखून. एकमेकांना खाऊ देत-घेत हळूहळू विश्वास वाढतो. या भागाला मी दोन तास द्यायचे. मुलांना नकार देता आला पाहिजे. जो मागेल त्याच्याशी मैत्री केलीच पाहिजे, असं शिकवणं धोक्याचं आहे, विशेषतः मुलींना.

याच ओघात शपथेबद्दल सांगते. मुलांचं गुपित ‘आईशप्पथ’ने बांधलेलं असतं, आणि ‘सुटली म्हण’ म्हटल्याशिवाय ती शपथ सुटत नाही. चांगली मैत्रीण गुपित सांगत नाही, हे सगळ्यांना पाठ. एकदा एक मुलगी आठवडाभर गप्प गप्प होती. तिच्या मैत्रिणीला घराजवळचं कुणीतरी मोठं माणूस त्रास देत होतं आणि हिच्यावर शपथ घातलेली होती. ते बाहेर आलं, पुढचं कायद्याने जे व्हायला हवं ते झालं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळल्यावर गप्प राहता येत नाही. पण त्या आठ वर्षांच्या मुलीने आठवडाभर जे ओझं वाहिलं, ते माझ्या मनावरून उतरलेलं नाही. त्यानंतर दरवर्षी जूनमध्ये मी वर्गाला एक नियम सांगायचे. ज्या गुपिताने पोटात दुखतं, त्याची शपथ आपोआप सुटते. तेव्हा मोठ्यांना सांगणं म्हणजे चहाडी नव्हे. मुलं हा नियम लगेच उचलतात, कारण तो त्यांच्याच भाषेतला आहे.

कट्टी-बट्टीविषयी शिक्षकांना एक विनंती. मध्ये पडू नका. करंगळी दाखवली की कट्टी, दोन बोटं पुढे केली की बट्टी. भांडणाला दार असतं आणि परत यायलाही दार असतं, हे मुलांनी आपल्याआधी शोधलेलं आहे. आपल्या मोठ्यांच्या अबोल्याला असं दार नसतं, वर्षानुवर्षं. मुलाला हाताला धरून ‘सॉरी म्हण’ करायला लावलं की ते ओठाने सॉरी म्हणतं आणि डोळ्याने धमकी देतं. दोघांना लिंबाखाली बसवावं आणि पाण्याचा तांब्या मध्ये ठेवावा, बस. लक्ष मात्र दुरून असावं, कारण एकास एक कट्टी हे भांडण आहे, आणि सगळ्या वर्गाने मिळून एकाशी धरलेली कट्टी हा छळ आहे. तिथे मध्ये पडायलाच हवं, तेही त्याच दिवशी.

शिकागो विद्यापीठाच्या शाळेत बालवर्ग शिकवणाऱ्या व्हिव्हियन पेली यांनी एका वर्षी आपल्या वर्गात नियमच केला की ‘तू खेळायचं नाहीस’ असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. १९९२ साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं. नियम करण्याआधी त्या वरच्या इयत्तांच्या मुलांशी बोलल्या. मोठ्या मुलांना नियम न्याय्य वाटला, पण तो चालेल का याची शंका होती. लहानपणीच सुरू करायला हवा, असं त्यांना वाटलं. मला पेलीबाईंचं धाडस पटतं. जिवलग कोण, ते मूल ठरवील, त्यात आपण हात घालू नये. खेळात घेणं-न घेणं मात्र एकट्या मुलाचा खासगी प्रश्न नाही. मैदान सगळ्यांचं आहे, सरकारने दिलेलं आहे, आणि पायरीवर उभं राहायला पगार घेणारं माणूस आहे.

त्या मुलीचं राहिलं.

एप्रिलमध्ये पट्टा पडला, कारखान्याचं गाळप संपलं. टोळ्या रात्री आवराआवर करतात आणि पहाटे ट्रॅक्टरने निघतात. शाळा भरते तेव्हा माळावर चुलींची राख आणि पाचट एवढंच असतं. निरोप वगैरे काही होत नाही. मीही तिला शेवटचं पाहिलं ते आदल्या दिवशी, शाळा सुटताना.

टोळी गेली त्या दिवशी मधल्या सुट्टीत नेहमीप्रमाणे भिडू पाडायला सुरुवात झाली. जोड्या गळ्यात हात घालून गेल्या, आल्या. ती हट्टी मुलगी एकटीच चिंचेपर्यंत गेली आणि एकटीच परत आली. कप्तानांसमोर उभी राहून म्हणाली, ‘ऊस पाहिजे की कापूस?’ कप्तान तोच, ज्याने नोव्हेंबरात ‘तूच घे’ म्हटलं होतं. तो थोडा थांबला आणि म्हणाला, ‘कापूस.’

ती म्हणाली, ‘कापूस गेला. ऊस घे.’

दुसरा कप्तान काहीच बोलला नाही. त्याच्याकडे एक गडी कमी होता, तरी त्याने डाव सुरू कर म्हणून खूण केली.